स्पेल आणि अटॅक : लढाईतले नियम कोणत्या क्रमाने वाचायचे

विझार्ड (जादूगाराचं पात्र) म्हणतो, “फायरबॉल टाकतो.” हा त्याचा आगीचा स्पेल, म्हणजे मंत्र. कोणीतरी वीस बाजूंचा फासा त्याच्या हातात देतो, तो १९ काढतो आणि “लागला का?” म्हणून डीएमकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) बघतो. फायरबॉलला अटॅक रोल (हल्ला लागला का ते ठरवणारा फासा) नसतोच. मग पुस्तक उघडलं जातं, तिघं तीन पानं वाचतात आणि लढाई थंड पडते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं आणि फाशांच्या खेळाच्या टेबलावर असे घोळ पुन्हा पुन्हा होतात. त्याचं मुख्य कारण मला एकच दिसतं : लोक आधी परिणाम वाचतात (“८डी६ आगीचं डॅमेज!”, म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे) आणि त्याआधी विचारायचे प्रश्न राहून जातात. ते प्रश्न कोणते आणि कोणत्या क्रमाने विचारायचे, ते इथे मांडतो. सगळी उदाहरणं पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## खेळायला बसण्याआधीची तयारी

आधी एक ठरवा : आपण २०१४ चे नियम खेळतोय की २०२४ चे? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्धे वाद इथेच मिटतात. एकाच नावाचा स्पेल दोन्हीकडे वेगळा चालतो. इन्फ्लिक्ट वुंड्सला २०१४ मध्ये अटॅक रोल लागतो, २०२४ मध्ये समोरच्याला कॉन्स्टिट्यूशनचा (चिवटपणाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, द्यावा लागतो. पॉइझन स्प्रेचं बरोबर उलटं झालंय. तिथे आधी सेव्ह होता, आता अटॅक रोल आहे. एकाच्या हातात जुनं पुस्तक आणि दुसऱ्याच्या फोनवर नवा मजकूर असेल, तर दोघंही बरोबर असतात आणि वाद कधीच संपत नाही.

मग आपल्या कॅरेक्टर शीटवर दोन आकडे ठळक लिहा :

- स्पेल अटॅक बोनस = प्रोफिशियन्सी बोनस + स्पेलकास्टिंगच्या ॲबिलिटीचा मॉडिफायर
- स्पेल सेव्ह डीसी (सेव्ह पास व्हायला गाठायचा आकडा) = ८ + प्रोफिशियन्सी बोनस + तोच मॉडिफायर

पाचव्या लेव्हलच्या (प्रोफिशियन्सी +३), इंटेलिजन्स १६ (मॉडिफायर +३) असलेल्या विझार्डचा बोनस +६ आणि डीसी १४. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून शेजारी-शेजारी पण वेगळ्या चौकटीत लिहावेत.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची : तयार केलेल्या प्रत्येक स्पेलसाठी एक ओळ लिहून ठेवा. किती वेळ लागतो (ॲक्शन, बोनस ॲक्शन की रिॲक्शन), कंपोनंट (उच्चार, हातवारे, साहित्य) कोणते, पल्ला किती, फासा कोण टाकतो, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) लागतं का. डॅमेज सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे साधारण याच क्रमाने जातात.

तपासा : तुमच्या प्रत्येक स्पेलसमोर “फासा कोण टाकतो” हे न अडखळता सांगता येतंय का? एकाही स्पेलपाशी अडलात, तर तो मजकूर आत्ताच वाचा, लढाईत नको.

## टप्पा १ : या टर्नमध्ये हे बसतं का?

टर्नमध्ये एक ॲक्शन, चालणं, आणि एखादा स्पेल किंवा क्षमता तशी मुभा देत असेल तरच एक बोनस ॲक्शन. रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला तिथल्या तिथे दिलेलं उत्तर) एकच, आणि ती पुन्हा मिळते ती आपली पुढची टर्न सुरू झाल्यावर.

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम इथे आहे. २०१४ च्या नियमांत बोनस ॲक्शनने कोणताही स्पेल टाकला, की त्याच टर्नमध्ये दुसरा स्पेल फक्त कँट्रिपच (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल) असू शकतो, तोही एक ॲक्शन लागणारा. मिस्टी स्टेपने (हा बोनस ॲक्शनचा स्पेल) सटकून मग फायरबॉल, हे जमत नाही. क्रम उलटा केला तरी जमत नाही. मिस्टी स्टेप आणि मग फायर बोल्ट चालतं. आपल्याच टर्नमध्ये हीलिंग वर्ड (हाही बोनस ॲक्शनचा) टाकल्यावर कोणी समोरून काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल पाडणारा स्पेल) केला, तर त्याच टर्नमध्ये रिॲक्शनने आपला काउंटरस्पेल टाकता येत नाही, कारण तो कँट्रिप नाही.

याच नियमाचा अर्थ काही जण “एका टर्नमध्ये एकच मोठा स्पेल” असा लावतात. २०१४ मध्ये तसं लिहिलेलं नाही. बोनस ॲक्शनचा स्पेल नसेल आणि ॲक्शन सर्जने जादा ॲक्शन मिळाली असेल, तर दोन फायरबॉल टाकता येतात. २०२४ मध्ये नियमच बदलला : एका टर्नमध्ये स्पेल टाकायला एकच स्लॉट (मोठे स्पेल टाकायचा मोजका साठा) खर्च करता येतो. तिथे दोन फायरबॉलचा रस्ता बंद.

सावधान : “अटॅक ॲक्शन” आणि “अटॅक” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स्ट्रा अटॅक मिळतो तो अटॅक ॲक्शन घेतल्यावर. फायर बोल्ट टाकताना अटॅक रोल होतो हे खरं, पण घेतलेली ॲक्शन स्पेल टाकायची असते, त्यामुळे एक्स्ट्रा अटॅक लागू होत नाही. बूमिंग ब्लेड या स्पेलमध्ये हातात तलवार असली तरी तेच. एखाद्या सबक्लासने स्पष्ट सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी.

## टप्पा २ : स्पेल टाकता येतो का?

स्लॉट आहे का हे सगळे बघतात. हात मोकळा आहे का हे फारसं कोणी बघत नाही.

हातवाऱ्यांचा कंपोनंट असेल तर एक हात मोकळा लागतो. साहित्याचा कंपोनंटही असेल तर साहित्य किंवा फोकस (साहित्याऐवजी चालणारी वस्तू) धरलेला हातच हातवारे करू शकतो. यातून निघणारी गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही, म्हणून नीट बघा. क्लेरिकच्या (देवाच्या सेवकाच्या पात्राच्या) एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल, ढालीवर पवित्र चिन्ह, म्हणजे त्याचा फोकस. साहित्य लागणारे स्पेल तो ढालीच्या हातानेच टाकू शकतो. क्युअर वुंड्सला मात्र साहित्य लागत नाही, फक्त उच्चार आणि हातवारे लागतात. त्यामुळे फोकसची सवलत मिळत नाही आणि गदा बाजूला ठेवावी लागते. हीलिंग वर्डला फक्त उच्चार पुरतो, तो दोन्ही हात अडकलेले असताना चालतो. वॉर कास्टर फीट (पात्राने निवडायची खास क्षमता) हाच प्रश्न सोडवतो. काही टेबलांवर हा नियम पाळतच नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. फक्त पाळायचा की नाही ते पहिल्या दिवशी ठरवा, क्लेरिक मरणाऱ्या मित्राशेजारी उभा असताना नको.

दुसरं, मधला रस्ता. स्पेल टाकणाऱ्यापासून लक्ष्यापर्यंत मोकळी वाट हवी. पूर्ण कव्हरमागे (आडोशामागे) असलेल्याला स्पेल थेट लागू करता येत नाही. बंद काचेतून समोरचा दिसतो, पण वाट अडलेली असते, त्यामुळे फायर बोल्ट पलीकडे जात नाही. “तुम्हाला दिसणारा प्राणी” अशी अट असलेले स्पेल अंधारात किंवा अदृश्य शत्रूवर चालत नाहीत.

तिसरं, लक्ष्याचा प्रकार. होल्ड पर्सन (लक्ष्याला गोठवणारा स्पेल) फक्त ह्यूमनॉइड प्रकारावर चालतो. ओगर दोन पायांवर चालतो, हातात सोटा घेतो, पण नियमांत त्याचा प्रकार जायंट आहे.

## टप्पा ३ : फासा कोण टाकतो?

सगळ्या लेखातला हा टप्पा पक्का झाला तर बाकी बरंच आपोआप सुटतं. बहुतेक हल्ल्याचे स्पेल तीनपैकी एका गटात बसतात.

पहिला गट : टाकणारा फासा टाकतो. फायर बोल्ट, गायडिंग बोल्ट, एल्ड्रिच ब्लास्ट, स्कॉर्चिंग रे, शॉकिंग ग्रास्प. मजकुरात “स्पेल अटॅक” असं लिहिलेलं असतं. डी२० (वीस बाजूंचा फासा) अधिक बोनस, समोर आर्मर क्लास (एसी, म्हणजे अटॅक लागायला गाठायचा आकडा).

दुसरा गट : लक्ष्य फासा टाकतं. फायरबॉल, सेक्रेड फ्लेम, होल्ड पर्सन. मजकुरात “सेव्हिंग थ्रो” असतो. लक्ष्याचा डी२० अधिक त्याचा सेव्ह बोनस, समोर टाकणाऱ्याचा डीसी.

तिसरा गट : कोणीच टाकत नाही. मॅजिक मिसाइल हे ठळक उदाहरण. तीन बाण, प्रत्येकी १डी४+१, सरळ लागतात.

बरोबरी झाली तर काय, हा प्रश्न कायम येतो. उत्तर लक्षात ठेवायला सोपं आहे : बरोबरीत फासा टाकणारा जिंकतो. एसी १५ वर अटॅक रोल १५ आला तर अटॅक लागला. डीसी १५ वर सेव्ह १५ आला तर लक्ष्य वाचलं.

गट कळला की या सगळ्या गोष्टी ठरतात :

क्रिटिकल (फाशावर २० आल्यावरचा जोरदार फटका) फक्त अटॅक रोलला. सेव्हला २० आला म्हणून आपोआप सुटका नाही आणि १ आला म्हणून आपोआप घात नाही. सेव्ह बोनस +१ असणाऱ्याने डीसी २२ समोर २० काढला, बेरीज २१ झाली, तो नापास. (डेथ सेव्हचे नियम वेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.)

डॉज (बचावाची ॲक्शन) घेतलेल्यावरचे अटॅक रोल डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा) होतात, हल्लेखोर त्याला दिसत असेल तर. डेक्स्टेरिटी (चपळाईचा) सेव्ह तो ॲडव्हांटेजने (दोनपैकी मोठा आकडा धरून) देतो. विझ्डम सेव्हला डॉजचा काही उपयोग नाही. मॅजिक मिसाइलला तर नाहीच.

हेक्स या स्पेलचं जादा १डी६ अटॅक लागल्यावर मिळतं. म्हणून एल्ड्रिच ब्लास्टच्या लागलेल्या प्रत्येक किरणाला मिळतं आणि फायरबॉलला मिळत नाही.

सावधान : “स्पेल अटॅक” आणि “वेपन अटॅक” एकमेकांच्या जागी धरू नका. स्नीक अटॅकला (रोग, म्हणजे चोरट्या पात्राच्या, जादा डॅमेजला) फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (दुरून मारायचं) शस्त्र लागतं, त्यामुळे रोगने फायर बोल्ट मारला तर स्नीक अटॅक नाही. डिव्हाइन स्माइटचं जादा डॅमेज २०१४ मध्ये मेली (हातघाईचा) वेपन अटॅक लागल्यावरच.

अनेक किरणांच्या स्पेलमध्ये प्रत्येक किरणाचा अटॅक रोल वेगळा. स्कॉर्चिंग रेचे तीन किरण म्हणजे तीन रोल, आणि हवे तर तीन वेगळे शत्रू.

## टप्पा ४ : अडचणी आणि सवलती

आता, गट कळल्यानंतरच, परिस्थिती बघायची.

शत्रू ५ फुटांच्या आत असेल, तुम्हाला बघू शकत असेल आणि इनकॅपॅसिटेटेड (ॲक्शन घेऊ न शकणारा) नसेल, तर रेंज्ड अटॅकला डिसॲडव्हांटेज. हे धनुष्याइतकंच फायर बोल्टलाही लागू. सेक्रेड फ्लेमला लागू नाही, कारण तिथे तुम्ही अटॅक रोल करतच नाही. शॉकिंग ग्रास्प मेली स्पेल अटॅक आहे, त्यालाही लागू नाही.

अर्धं कव्हर एसी आणि डेक्स्टेरिटी सेव्हला +२, पाऊण कव्हर +५. बाकी कोणत्याही सेव्हला कव्हर काही देत नाही. सेक्रेड फ्लेमच्या मजकुरात कव्हरचा फायदा स्पष्ट नाकारला आहे. खास नियम सर्वसाधारण नियमाला बाजूला सारतो याचं हे चांगलं उदाहरण.

ॲडव्हांटेज आणि डिसॲडव्हांटेज मोजायचे नसतात. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला चार असले तरी दोन्ही रद्द, साधा एकच फासा.

## टप्पा ५ : रिॲक्शनसाठी थांबा

हा टप्पा डीएमच्या घाईत हरवतो. “१७. लागला. नऊ डॅमेज,” असं एका दमात बोललं की शील्ड स्पेल टाकायची संधीच उरत नाही. शील्ड टाकायचा क्षण अटॅक लागला हे कळल्यावर आणि डॅमेज टाकायच्या आधी. त्याने एसी +५ होतो, तोही ज्या अटॅकमुळे टाकला त्यालाच धरून, आपली पुढची टर्न सुरू होईपर्यंत. मॅजिक मिसाइलचं लक्ष्य झाल्यावरही शील्ड टाकता येतो आणि त्याचं डॅमेज पूर्ण थांबतं.

काउंटरस्पेलचा क्षण त्याहून आधीचा : ६० फुटांच्या आत कोणी स्पेल टाकताना दिसतोय तेव्हा. परिणाम जाहीर झाल्यावर “मी काउंटर करतो” म्हणता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी आधी “स्पेल टाकतोय” एवढंच म्हणावं, क्षणभर थांबावं, मग नाव सांगावं. २०१४ मध्ये तिसऱ्या किंवा खालच्या लेव्हलचा स्पेल सरळ पडतो, वरच्यासाठी १० अधिक स्पेलची लेव्हल एवढ्या डीसीची ॲबिलिटी चेक. २०२४ मध्ये मूळ स्पेल टाकणारा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह देतो आणि नापास झाला तरी त्याचा स्लॉट वाचतो.

तपासा : या राउंडमध्ये तुमची रिॲक्शन आधीच ऑपॉर्च्युनिटी अटॅकवर (जवळून निघून जाणाऱ्याला मारलेल्या फटक्यावर) खर्च झाली आहे का? झाली असेल तर शील्डही नाही, काउंटरस्पेलही नाही.

## टप्पा ६ : डॅमेज, ठरलेल्या क्रमाने

क्रिटिकलला फासे दुप्पट, मॉडिफायर एकदाच. त्या अटॅकसोबत येणारे स्नीक अटॅक किंवा स्माइटचे फासेही दुप्पट होतात.

फायरबॉलसारख्या, एकाच वेळी अनेकांवर पडणाऱ्या स्पेलचं डॅमेज एकदाच टाकायचं आणि तोच आकडा सगळ्यांना लावायचा. प्रत्येकासाठी वेगळे ८डी६ टाकत बसू नका.

मग आधी अधिक-उणे, त्यानंतर रेझिस्टन्स (निम्मं), शेवटी व्हल्नरेबिलिटी (दुप्पट). प्रत्येक वेळी अपूर्णांक खाली सोडायचा. फायरबॉलचं डॅमेज २३ आलं, सेव्ह पास झाला म्हणून ११, आगीला रेझिस्टन्स आहे म्हणून ५. दोन ठिकाणांहून आगीचा रेझिस्टन्स मिळत असेल तरी निम्मं एकदाच.

## टप्पा ७ : कॉन्सन्ट्रेशन

डॅमेज झाल्या झाल्या विचारा : याचं कॉन्सन्ट्रेशन चालू होतं का? कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे मोठं ते. म्हणजे २१ पर्यंतच्या डॅमेजला डीसी १० च. आकडेमोड फक्त २२ पासून पुढे. दोन वेगळे फटके बसले तर दोन वेगळे सेव्ह, बेरजेचा एक नाही. टेंपररी हिट पॉइंट्सनी सगळा मार झेलला तरी सेव्ह द्यावाच लागतो, कारण डॅमेज झालेलं असतं.

इनकॅपॅसिटेटेड झाल्यावर कॉन्सन्ट्रेशन सेव्हशिवायच तुटतं. दुसरा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल टाकला की पहिला संपतो. आणि जे हमखास विसरलं जातं : स्पेल रेडी करून धरून ठेवायलाही कॉन्सन्ट्रेशन लागतं. ब्लेस (हा कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल) चालू ठेवून फायर बोल्ट रेडी केला की ब्लेस गेला. रेडी केलेला स्पेल वापरायची वेळ आलीच नाही, तरी त्याचा स्लॉट खर्चच.

## एक टर्न, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आपला तोच विझार्ड : बोनस +६, डीसी १४. एक गॉब्लिन त्याला अगदी खेटून उभा. चाळीस फुटांवर दरोडेखोरांचा म्होरक्या, एसी १५, अर्ध्या कव्हरमागे, विझ्डम सेव्ह +२.

पहिला विचार फायर बोल्टचा. पहिला गट, अटॅक रोल. कव्हरमुळे एसी १७, म्हणजे फाशावर ११ हवा. गॉब्लिनमुळे डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन्ही फाशांवर ११ किंवा जास्त. शक्यता २५ टक्के.

दुसरा पर्याय होल्ड पर्सन. दुसरा गट. लक्ष्य ह्यूमनॉइड आहे, दिसतं आहे, पल्ल्यात आहे. विझ्डम सेव्हला कव्हरचा फायदा नाही, गॉब्लिनचा अडसर नाही. म्होरक्याला १२ किंवा जास्त हवा. तो नापास व्हायची शक्यता ५५ टक्के.

तिसरा पर्याय मिस्टी स्टेपने ३० फुटांवर, कव्हर उरणार नाही अशा जागी जाणं. मग होल्ड पर्सन टाकता येत नाही (टप्पा १), पण फायर बोल्ट येतो, साध्या एका फाशावर, एसी १५ समोर : ९ हवा, शक्यता ६० टक्के.

समजा होल्ड पर्सन टाकला आणि म्होरक्या जागच्या जागी गोठला. रोग शेजारी जाऊन रेपियर मारतो : ॲडव्हांटेज, आणि ५ फुटांच्या आतून लागलेला अटॅक आपोआप क्रिटिकल. पाचव्या लेव्हलच्या रोगचा १डी८ चा २डी८, स्नीक अटॅकच्या ३डी६ चे ६डी६, मॉडिफायर तेवढाच. तोच रोग लांबून धनुष्य मारत असेल तर ॲडव्हांटेज आहे, आपोआप क्रिटिकल नाही. पुढे गॉब्लिन विझार्डला मारतो, ५ डॅमेज. डीसी १० चा सेव्ह. नापास, तर म्होरक्या त्याच क्षणी मोकळा. त्याच्या टर्नच्या शेवटपर्यंत थांबायचं नाही.

## तरीही वाद झाला तर

1. स्पेलचा मजकूर एकाने मोठ्याने वाचा, पूर्ण. आठवणीतून सांगितलेला नियम धरू नका.
2. मजकुरात जे लिहिलंय तेवढंच स्पेल करतो. “आग आहे म्हणजे दोरी जळेल” हे मजकुरात असेल तरच नियम, नसेल तर डीएमची मर्जी. दोन्ही चालेल, पण काय चाललंय ते सगळ्यांना कळू द्या.
3. खास नियम सर्वसाधारण नियमाच्या वर.
4. दोन मिनिटांत सुटलं नाही तर डीएमने निर्णय द्यावा, तो वहीत लिहावा, आणि सत्र संपल्यावर शोधावं. निर्णय बदलला तर पुढच्या सत्रापासून. झालेली टर्न उलटवू नये.
5. जो निर्णय खेळाडूंना, तोच राक्षसांना.

## पाथफाइंडर खेळत असाल तर

पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत टप्प्यांचा क्रम हाच ठेवा, पण टप्पा १ आणि ३ मधली उत्तरं बदलतात. तिथे टर्नला तीन ॲक्शन असतात आणि बहुतेक स्पेल दोन खातात. दुसऱ्या अटॅकला −५ आणि तिसऱ्याला −१० असा दंड लागतो. स्पेलचा अटॅक रोलही त्यात मोजला जातो, सेव्हचा स्पेल मोजला जात नाही. म्हणून तलवार मारून झाल्यावर उरलेल्या दोन ॲक्शनमध्ये सेव्हचा स्पेल टाकणं जास्त फायद्याचं. क्रिटिकलही फक्त अटॅकपुरता नाही : १० ने जास्त किंवा १० ने कमी पडलं की निकाल एक पायरी आणखी पुढे सरकतो, सेव्हमध्येसुद्धा. बेसिक सेव्ह असेल तर क्रिटिकल यशात काहीच डॅमेज नाही, यशात निम्मं, अपयशात पूर्ण, क्रिटिकल अपयशात दुप्पट. दोन्ही खेळ खेळणाऱ्यांनी या चार ओळी डीएमच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवाव्यात.